ड जीवनसत्त्व आणि मानेतल्या चार लहान ग्रंथी

आरोग्य तपासणीच्या अहवालात हल्ली तीन आकडे बहुधा एकाच पानावर छापून येतात: ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारा आकडा) आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी). पहिला कमी, दुसरा थोडा वाढलेला आणि तिसरा काठावर, असा अहवाल हाती आला की घरातले कोणीतरी या तिघांची सांगड घालते आणि ड जीवनसत्त्व वाढवले की थायरॉइड व साखर दोन्ही ताळ्यावर येतील असा निष्कर्ष काढून मोकळे होते. शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते: ड जीवनसत्त्वाचा अंतःस्रावी ग्रंथींशी संबंध आहे, पण तो सगळ्या ग्रंथींशी सारख्या प्रतीचा नाही. परावटू, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींशी असलेले त्याचे नाते रेणूंच्या पातळीपासून रुग्णाच्या खाटेपर्यंत सिद्ध झालेले आहे. स्वादुपिंड, अवटू (थायरॉइड), मूत्रपिंडातील रेनिन हे रक्तदाबाशी निगडित द्रव्य यांच्याबाबतीत मात्र प्रयोगशाळेत जे दिसले ते माणसांवरील चाचण्यांत त्याच जोमाने उतरलेले नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग परावटू ग्रंथींनाच दिला आहे.

आधी ड जीवनसत्त्वाविषयी थोडे. आपल्या त्वचेत कोलेस्टेरॉलचा एक पूर्वज रेणू असतो. सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरण, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे, त्यावर पडले की त्याचे एक वलय उघडते आणि शरीराच्या उष्णतेने त्यापासून ड-३ तयार होते. हे ड-३ स्वतः फारसे काही करत नाही. यकृतात त्याला २५व्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट जोडला जातो, आणि प्रयोगशाळा जे मोजते ते हेच रूप. ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकते, म्हणून साठ्याचा अंदाज त्यावरून येतो. त्यानंतर मूत्रपिंडात पहिल्या कार्बनवर दुसरा गट जोडला गेला की कॅल्सिट्रायॉल बनते, आणि खरे काम करते ते हेच. यकृतातील रूप १९६८मध्ये ओळखले गेले. दुसरी पायरी मूत्रपिंडात घडते हे फ्रेझर आणि कोडिचेक यांनी केंब्रिज येथे १९७०मध्ये दाखवले आणि पुढच्याच वर्षी अंतिम रेणूची रचना निश्चित झाली. साठ्याचे रूप नॅनोग्रॅममध्ये मोजतात, कॅल्सिट्रायॉल पिकोग्रॅममध्ये, म्हणजे त्याचे रक्तातील प्रमाण सुमारे हजारपटीने कमी असते. एका अवयवात तयार होऊन, रक्तातून जाऊन, दूरच्या पेशींवर इतक्या सूक्ष्म प्रमाणात परिणाम करणाऱ्या द्रव्याला शरीरक्रियाशास्त्रात संप्रेरक म्हणतात. तेव्हा कॅल्सिट्रायॉल हे सर्वार्थाने संप्रेरक आहे आणि ते तयार करणारे मूत्रपिंड ही, या एका बाबतीत, अंतःस्रावी ग्रंथीच आहे.

कॅल्सिट्रायॉल पेशीत शिरून केंद्रकातील एका ग्राही प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटते. हे ग्राही प्रथिन दुसऱ्या एका प्रथिनाशी जोडी जमवून डीएनएच्या ठरावीक जागी बसते आणि तेथील जनुकांचे वाचन वाढवते किंवा थांबवते. १९६९मध्ये कोंबडीच्या पिल्लांच्या आतड्यात त्याचा पहिला सुगावा लागला. आतड्यात ते असणारच, कारण अन्नातील कॅल्शियम शोषून घेणे हे ड जीवनसत्त्वाचे ठाऊक असलेले काम होते. खरे आश्चर्य १९७९मध्ये समोर आले. त्या वर्षी किरणोत्सारी खूण लावलेले कॅल्सिट्रायॉल उंदरांना टोचून ते कोणत्या पेशींच्या केंद्रकांत जमा होते हे पाहिले गेले, तेव्हा आतडे आणि मूत्रपिंड यांच्याबरोबरच त्वचा, जठर, मेंदूच्या तळाची पीयूष (पिट्यूटरी) ग्रंथी आणि परावटू ग्रंथी यांतही ते आढळले. ‘ड जीवनसत्त्व सगळ्या ग्रंथींवर काम करते’ या आज सर्रास ऐकू येणाऱ्या विधानाचे मूळ या आणि यानंतरच्या अशाच निरीक्षणांत आहे. निरीक्षणे खरीच आहेत. परंतु एखाद्या पेशीत ग्राही प्रथिन आहे एवढ्यावरून त्या पेशीचे रोजचे काम त्यावर अवलंबून आहे असे ठरत नाही, आणि बाहेरून जास्त ड जीवनसत्त्व दिल्याने ते काम सुधारेल असे तर मुळीच ठरत नाही. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत त्या हमखास एकत्र कालवल्या जातात.

आता परावटू ग्रंथींकडे वळू. अवटू ग्रंथीच्या पाठीमागे, बहुधा चार, मसुरीच्या दाण्याहून फार मोठ्या नसलेल्या, प्रत्येकी ३० ते ५० मिलिग्रॅम वजनाच्या या पिवळसर-तपकिरी गाठी आहेत. त्यांचे पहिले वर्णन माणसातले नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एक भारतीय एकशिंगी गेंडा मरण पावल्यावर रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले आणि १८५०च्या सुमारास त्याच्या मानेतील एका छोट्या पिवळ्या ग्रंथीची नोंद करून ठेवली. माणसातील या ग्रंथी स्वीडनमधील उप्साला येथील इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने पन्नास शवांत शोधून १८८०मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांचे काम काय हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. अवटूच्या शस्त्रक्रियेत त्या नकळत निघून गेल्या की रुग्णाच्या हातापायांत पेटके येतात हे हळूहळू ध्यानात आले, आणि १९०९च्या सुमारास मॅक्कॅलम व फग्टलिन यांनी अमेरिकेत कुत्र्यांवरील प्रयोगांत असे पेटके कॅल्शियम दिल्याने थांबतात हे दाखवले. रक्तातील कॅल्शियमचा पहारा या चार गाठींकडे आहे हे त्यातून स्पष्ट झाले.

हा पहारा किती काटेकोर असतो ते पाहण्यासारखे आहे. रक्तातील एकूण कॅल्शियम दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यात राहते, कारण मज्जातंतू आणि स्नायू यांचे काम त्यावर अवलंबून असते. परावटू पेशींच्या पृष्ठभागावर कॅल्शियम ओळखणारे एक ग्राही प्रथिन असते. त्याचे जनुक १९९३मध्ये हाती आले. कॅल्शियम किंचित घसरले की हे प्रथिन शांत होते आणि पेशी साठवून ठेवलेले पॅराथायरॉइड हॉर्मोन, म्हणजे पीटीएच, काही सेकंदांत रक्तात सोडू लागते. ८४ अमिनो आम्लांचा हा रेणू रक्तात काही मिनिटेच टिकतो, पण तेवढ्या वेळात तो हाडांतून कॅल्शियम मोकळे करवतो, मूत्रातून जाणारे कॅल्शियम मूत्रपिंडाकडून परत मिळवतो, फॉस्फेट मात्र बाहेर घालवतो, आणि मूत्रपिंडातील ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) कॅल्सिट्रायॉल बनते त्या विकराचे प्रमाण वाढवतो.

येथून ड जीवनसत्त्वाचा प्रवेश होतो, आणि तो दोन वाटांनी होतो. पहिली वाट आडून जाते: कॅल्सिट्रायॉलमुळे आतडे अन्नातून अधिक कॅल्शियम घेते, रक्तातील कॅल्शियम वाढते आणि परावटू पेशी आपोआप थांबतात. बराच काळ एवढेच कारण पुरेसे वाटत होते. १९८५मध्ये गायीच्या परावटू पेशी परीक्षानळीत वाढवून त्यांना कॅल्सिट्रायॉल दिले गेले, तेव्हा भोवतालचे कॅल्शियम तेच असतानाही पीटीएचच्या जनुकाचे वाचन घटलेले दिसले. पुढच्या वर्षी जेरुसलेम येथील जस्टिन सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत उंदरांत हेच दाखवले: कॅल्सिट्रायॉल टोचल्यावर रक्तातील कॅल्शियम वाढलेले नसतानाही परावटूतील पीटीएचचा संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकाची वाचून काढलेली प्रत, झपाट्याने खाली आला. म्हणजे ड जीवनसत्त्व ग्रंथीशी थेट बोलते. त्याशिवाय ते कॅल्शियम ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनाचे उत्पादन वाढवते, त्यामुळे ग्रंथी कॅल्शियमच्या बाबतीत अधिक चौकस होते, आणि परावटू पेशींच्या विभाजनालाही ते आवर घालते, म्हणून ग्रंथी फुगत नाही.

कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या कामाची विभागणी अशी आहे की कॅल्शियम सेकंदा-मिनिटांचा हिशोब पाहते, साठवलेले पीटीएच सोडायचे की नाही ते ठरवते. ड जीवनसत्त्व तासा-दिवसांचा हिशोब पाहते, नवीन पीटीएच किती बनवायचे ते ठरवते. आणि महिनोन्‌महिने ड जीवनसत्त्व अपुरे पडले तर प्रश्न ग्रंथीच्या आकारावर येतो. पीटीएच मूत्रपिंडाला कॅल्सिट्रायॉल बनवायला लावते आणि तेच कॅल्सिट्रायॉल परत येऊन पीटीएचला थांबवते, असे हे बंद वर्तुळ आहे. त्यात हाडांतून येणारे एफजीएफ-२३ हे तिसरे संप्रेरकही भाग घेते. ते फॉस्फेट बाहेर घालवते आणि कॅल्सिट्रायॉलची निर्मिती रोखते.

ड जीवनसत्त्वाची कमतरता म्हणजे प्रत्यक्षात काय, हे या वर्तुळातूनच समजते. साठा घटला की आतड्यातून कॅल्शियम कमी येते, रक्तातील कॅल्शियम खाली सरकू लागते, पीटीएच वाढते, आणि वाढलेले पीटीएच हाडांतून कॅल्शियम काढून रक्तातील आकडा पुन्हा जागेवर आणते. अहवालात कॅल्शियम अगदी योग्य दिसते. त्याची किंमत हाडे मोजत असतात. फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फटेज हे हाडांतील उलाढालीबरोबर वाढणारे विकर वाढलेले आणि पीटीएच चढे, हे चित्र दिसले तर कमतरता खरोखर शरीराला भोवते आहे असे समजावे. मुलांत याचेच पुढचे रूप मुडदूस आणि प्रौढांत अस्थिमृदुता, म्हणजे हाडे मऊ पडणे. याउलट ड जीवनसत्त्वाचा आकडा दर मिलिलिटरला १८ नॅनोग्रॅम आहे, पण पीटीएच, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज तिन्ही नेमके जागेवर आहेत, अशा व्यक्तीला लाल अक्षरांत छापलेल्या त्या एका आकड्याने घाबरवणे मला पटत नाही. कोणत्या पातळीखाली पीटीएच चढू लागते हे व्यक्तीगणिक बदलते. आहारातील कॅल्शियम, वय, मूत्रपिंडाचे काम, अशा अनेक गोष्टींवर ते अवलंबून असते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११मध्ये २० नॅनोग्रॅम ही पातळी बहुतेकांना पुरेशी मानली, त्याच वर्षी तेथील एंडोक्राइन सोसायटीने ३० ही रेघ ओढली, आणि २०२४च्या आपल्या नव्या मार्गदर्शिकेत ती रेघ सोसायटीने स्वतःच सोडून दिली व निरोगी व्यक्तींची सरसकट तपासणी करू नये असे सुचवले. आपल्याकडील तपासणी पॅकेजांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

एक सापळा येथे सांगून ठेवतो. काही जण हौसेने महागडी कॅल्सिट्रायॉलची तपासणी करून घेतात आणि ती योग्य किंवा वाढलेली आली की कमतरता नाही असे समजतात. कमतरतेतच पीटीएच वाढलेले असते आणि ते उरल्यासुरल्या साठ्यातून कॅल्सिट्रायॉल बनवून घेत असते, म्हणून त्या आकड्याने दिशाभूल होते. मूत्रपिंडाचे विकार आणि काही विरळ आजार सोडले तर त्या तपासणीची गरज नसते.

परावटू ग्रंथी फुगलेली दिसली तर ती हाडांच्या आजाराचे कारण समजायची की परिणाम, हा वाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नामध्ये चांगलाच रंगला होता. याकोब एर्डहाइम यांनी अस्थिमृदुतेच्या रुग्णांत या ग्रंथी मोठ्या झालेल्या पाहिल्या आणि त्या भरपाईसाठी वाढल्या आहेत असे मत मांडले. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेपुरते ते मत बरोबर होते. पण त्याच शहरात फेलिक्स मांड्ल या शल्यविशारदाकडे हाडे मोडत चाललेला ट्रामचा एक कर्मचारी आला, तेव्हा प्रचलित मताला धरून त्यांनी त्याला आधी परावटूचा अर्क दिला, मग दुसऱ्याच्या परावटू ग्रंथींचे रोपण केले, आणि उपयोग न झाल्यावर १९२५मध्ये उलट दिशेने जाऊन त्याची वाढलेली ग्रंथी काढून टाकली. रुग्णाच्या वेदना कमी झाल्या, तो पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी आजार परतला ही गोष्ट वेगळी. एर्डहाइम आणि मांड्ल दोघेही आपापल्या रुग्णांबाबत योग्यच होते, कारण ते दोन निरनिराळे आजार पाहत होते: एकात ग्रंथी ड जीवनसत्त्वाच्या अभावामुळे वाढते, दुसऱ्यात ग्रंथीतच गाठ असते.

या दोहोंच्या मधला प्रकार मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात दिसतो. मूत्रपिंड कॅल्सिट्रायॉल बनवू शकत नाही, फॉस्फेट साचते, परावटूवरचा लगाम सुटतो आणि ती वर्षानुवर्षे वाढत राहते. १९८४मध्ये सेंट लुइस येथील स्लाटोपोल्स्की आणि सहकाऱ्यांनी डायलिसिसवरील रुग्णांना शिरेतून कॅल्सिट्रायॉल देऊन पीटीएच ठळकपणे खाली आणले. आज आपल्याकडील डायलिसिस केंद्रांत कॅल्सिट्रायॉल आणि त्याच्यासारखी औषधे दिली जातात ती याच तत्त्वावर. मात्र ग्रंथी फार काळ वाढत राहिली की तिच्यात गाठी बनतात, त्या गाठींतील पेशींतून ड जीवनसत्त्वाचे ग्राही प्रथिन आणि कॅल्शियमचे ग्राही प्रथिन दोन्ही विरळ होत जातात, आणि मग ती ग्रंथी कोणाचेच ऐकत नाही. मूत्रपिंडाचे यशस्वी रोपण झाल्यावरही ती पीटीएच ओतत राहू शकते. ड जीवनसत्त्वाचे ग्रंथीवरील काम किती मोलाचे आहे हे ते काम बंद पडल्यावर असे दिसते.

आहाराचाही यात वाटा आहे, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कॅल्शियम कमी असलेल्या आहारात पीटीएच वाढते, त्यामुळे कॅल्सिट्रायॉल वाढते, आणि वाढलेले कॅल्सिट्रायॉल साठ्यातील ड जीवनसत्त्वाचा यकृतात अधिक वेगाने निचरा घडवते. हे १९८७मध्ये ‘नेचर’मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून मांडले गेले. म्हणजे उन्हात तेवढेच राहूनही, जेवणात कॅल्शियम कमी असणाऱ्याचा साठा लवकर संपतो. १९६०च्या दशकापासून ग्लासगोसारख्या ब्रिटिश शहरांतील दक्षिण आशियाई कुटुंबांत मुडदूस आणि अस्थिमृदुता आढळू लागली, तेव्हा सावळी त्वचा आणि ढगाळ हवा यांच्याबरोबरच धान्यातील फायटेट या कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे कॅल्शियमचे शोषण कमी होणे हेही कारण पुढे आले. लंडनमध्ये डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो आणि त्या तिरप्या उन्हातील अतिनील-ब किरण वातावरणातच गळून जातात. तिथे सर्वांनी हिवाळ्यात, आणि सावळ्या त्वचेच्या दक्षिण आशियाई लोकांनी वर्षभर, ड जीवनसत्त्वाची गोळी घेण्याचा विचार करावा हा तेथील सरकारी सल्ला म्हणूनच रास्त आहे. पुण्यात मात्र २२ डिसेंबरलाही भर दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो, नागपुरात ४५ अंशांच्या जरासा वर आणि पणजीत ५१ अंशांवर. सूर्य ४५ अंशांच्या वर असला की आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते, आणि अतिनील-ब किरण पुरेसे मिळण्याची ती सोपी खूण मानली जाते. आपल्याकडे कमतरता असते ती ऊन नसल्यामुळे नव्हे; दुपारी आपण त्या उन्हात नसतो, असलो तर अंगभर कपड्यांत असतो, आणि सावळ्या त्वचेतील मेलॅनिन किरण अडवते. बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याची आपली पद्धत जिव्हाळ्याची आहे, परंतु सकाळी सातच्या उन्हात अतिनील-ब जवळपास नसतेच. तान्ह्या बाळांना बालरोगतज्ज्ञ रोज ४०० युनिट थेंबांतून देतात ते या कारणाने. मोठ्यांसाठी नाचणी, दूध, दही, तीळ हे ड जीवनसत्त्वाचे स्रोत नव्हेत, तरीही कॅल्शियम पुरवून परावटूला शांत ठेवण्याचे आणि अप्रत्यक्षपणे साठा राखण्याचे काम ते करतात.

मॅग्नेशियमचाही उल्लेख करायला हवा. ते फारच घटले, उदाहरणार्थ दीर्घकाळच्या अतिसारात किंवा अतिमद्यपानात, तर परावटू ग्रंथी पीटीएच नीट सोडू शकत नाही आणि कॅल्शियम घसरलेले असूनही गप्प राहते. तेव्हा ड जीवनसत्त्व कितीही दिले तरी कॅल्शियम वर येत नाही.

आता स्वादुपिंड. १९८०मध्ये नॉर्मन आणि सहकाऱ्यांनी ड जीवनसत्त्वाविना वाढवलेल्या उंदरांचे स्वादुपिंड वेगळे काढून पाहिले, तेव्हा त्यातून ग्लुकोजला प्रतिसाद म्हणून येणारे इन्सुलिन बरेच कमी होते. इन्सुलिन सोडण्याची क्रिया पेशीत शिरणाऱ्या कॅल्शियमवर चालते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत ड जीवनसत्त्वाचे ग्राही प्रथिनही आहे, त्यामुळे या निष्कर्षाला आधार होता. पुढे कमी ड जीवनसत्त्व असणाऱ्यांत मधुमेह अधिक आढळतो अशी निरीक्षणे साचत गेली. पण स्थूल व्यक्तींत ड जीवनसत्त्व मेदात विखुरले जाते आणि तेच लोक बाहेर कमी हिंडतात, तेव्हा अशा निरीक्षणांतून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे उलगडत नाही. त्यासाठी अमेरिकेत डी-टू-डी ही चाचणी झाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २,४२३ व्यक्तींपैकी निम्म्यांना रोज ४,००० युनिट ड-३ दिले गेले. सुमारे अडीच वर्षांनी औषध घेणाऱ्यांत २९३ आणि न घेणाऱ्यांत ३२३ जणांना मधुमेह झाला. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेला हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती हेही खरे. नंतर अशा तीन चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा धोका १५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, आणि २०२४च्या मार्गदर्शिकेने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील अधिक धोक्याच्या प्रौढांसाठी ड जीवनसत्त्व सुचवले ते अशाच पुराव्यावरून. माझ्या मते हा परिणाम असेल तर छोटा आहे, आणि चालणे व वजन उतरवणे यांच्या जागी त्याला बसवता येणार नाही. मधुमेह झाल्यानंतर ड जीवनसत्त्वाने तो बरा होतो याला तर आधारच नाही.

अवटू ग्रंथीबद्दल सर्वाधिक विचारणा होते आणि सांगण्यासारखे सर्वांत कमी आहे. आपल्याकडे हायपोथायरॉइडिझमचे मोठे कारण हाशिमोटोचा आजार, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथीवर केलेला हल्ला. प्रतिकारशक्तीच्या पेशींत ड जीवनसत्त्वाचे ग्राही प्रथिन असते, आणि व्हायटल या २५,८७१ व्यक्तींच्या अमेरिकी चाचणीत रोज २,००० युनिट घेणाऱ्यांत सगळे स्वयंप्रतिकारी आजार मिळून पाच वर्षांत २२ टक्क्यांनी कमी आढळले. त्या आकड्यात संधिवातापासून सोरायसिसपर्यंत अनेक आजार एकत्र आहेत. एकट्या अवटूबद्दल त्यातून फारसे सांगता येत नाही. एकदा टीएसएच वाढून थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली की ती ड जीवनसत्त्वाने सुटत नाही. उलट ड जीवनसत्त्वासोबत दिली जाणारी कॅल्शियमची गोळी थायरॉक्सिनबरोबर घेतली तर आतड्यात थायरॉक्सिनला बांधून टाकते. दोहोंत चार तासांचे अंतर ठेवले नाही तर टीएसएच वाढतच राहते आणि विनाकारण मात्रा वाढवली जाते. टीएसएच बिघडण्याचे असे साधे कारण अनेक घरांत सापडेल.

अवटूच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र हे सगळे धागे एकत्र येतात. गाठीसाठी पूर्ण अवटू काढताना परावटू ग्रंथी दुखावल्या जातात, त्यांचा रक्तपुरवठा काही काळ मंदावतो आणि पीटीएच एकदम खाली येते. रुग्णाच्या ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येऊ लागतात. शस्त्रक्रियेपूर्वी ड जीवनसत्त्वाचा साठा रिकामा असेल तर हा त्रास होण्याची शक्यता वाढते, म्हणून अनेक शल्यविशारद तो आधी भरून घेतात. पीटीएच नसताना मूत्रपिंड साठ्याचे रूप पुरेसे सक्रिय करू शकत नाही, त्यामुळे अशा रुग्णाला ड जीवनसत्त्वाची नेहमीची साठ हजार युनिटची पुडी पुरत नाही. कॅल्शियमबरोबर तयार कॅल्सिट्रायॉलच द्यावे लागते.

रेनिनची गोष्ट थोडक्यात. २००२मध्ये ड जीवनसत्त्वाचे ग्राही प्रथिन नसलेल्या उंदरांत रेनिन आणि रक्तदाब दोन्ही वाढलेले आढळले, त्यामुळे अधिवृक्क (अ‍ॅड्रीनल) ग्रंथीतील अल्डोस्टेरॉन या रक्तदाब राखणाऱ्या संप्रेरकापर्यंत जाणारी साखळी ड जीवनसत्त्वाच्या ताब्यात असावी अशी आशा निर्माण झाली. माणसांवरील मोठ्या चाचण्यांत ड जीवनसत्त्वाने रक्तदाब उल्लेखनीय प्रमाणात उतरलेला दिसला नाही. वृषण, बीजांडकोश आणि पीयूष ग्रंथी यांच्याविषयीचा पुरावा याहूनही पातळ आहे. जाहिरातींत त्याला मिळणारी जागा त्या मानाने फार मोठी आहे.

साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, हा आपल्याकडचा रूढ क्रम आहे आणि खऱ्या कमतरतेत तो उपयोगीही आहे. गडबड होते ती ही पुडी रोज घेतल्याने, किंवा एकाच्या चिठ्ठीवर घरातल्या सगळ्यांनी वर्षभर घेत राहिल्याने. साठा विषारी पातळीला गेला की कॅल्शियम वाढते, तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, गोंधळलेपणा सुरू होतो आणि मूत्रपिंडाला इजा होते. अशा वेळी परावटू ग्रंथी पूर्ण बंद झालेली असते. पीटीएच जवळपास शून्याकडे जाते. क्षयरोगात किंवा सार्कॉइडोसिस या अवयवांत सूक्ष्म गाठी करणाऱ्या आजारातही कॅल्शियम असेच चढू शकते, कारण त्या आजारांतील गाठींमधल्या पेशी मूत्रपिंडाचे विकर स्वतःच बनवतात आणि त्यांच्यावर पीटीएचचा काहीच ताबा चालत नाही. तिथेही पीटीएच दबलेलेच सापडते.

याच्या उलट चित्रही आपल्याकडे दिसते. परावटूत गाठ असलेल्या काही रुग्णांत ड जीवनसत्त्वाची जोडकमतरता इतकी असते की रक्तातील कॅल्शियम वरच्या मर्यादेच्या आतच राहते आणि आजार लपून जातो. हाडे दुखतात म्हणून पुड्या सुरू होतात, काही आठवड्यांत कॅल्शियम ११च्या वर जाते आणि सगळा दोष ड जीवनसत्त्वावर टाकून ते बंद केले जाते. अशा रुग्णाचे पीटीएच त्याच वेळी मोजले तर ते दबलेले नसते, वाढलेले असते. मग सोनोग्राफी आणि सेस्टामिबी हे किरणोत्सारी द्रव्य वापरून केलेला स्कॅन करून मानेतली गाठ शोधावी लागते.